इंटेल की एएमडी? शनिवारी लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी थोडं भांडून घेऊ

ग्रँटरोड_स्लो (धागाकर्ता)

भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी कॉम्प्युटर जोडून आणायचाय. लॅपटॉप नको, रेंडरला, म्हणजे मॉडेलचं हुबेहूब चित्र काढायला, लावला की इस्त्रीसारखा तापतो म्हणते. बजेट ठरलं, कॅबिनेटचा रंगसुद्धा ठरला, गाडी अडलीय ती प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर. भाची म्हणते, "मामा, रायझन." म्हणजे एएमडीचा. तिचे बाबा, म्हणजे आमचे दाजी, म्हणतात इंटेलच. का? तर कॅबिनेटवर इंटेलचा स्टिकर हवा. इतकंच कारण.

मी पहिला कॉम्प्युटर १९९८ मध्ये लॅमिंग्टन रोडवरूनच घेतला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या त्याच गल्लीतून. ग्रँट रोडला उतरलो, पूर्वेला आलो, एका दुकानाच्या पोटमाळ्यावर लाकडी शिडीने चढलो. वर ताठ उभं राहायची सोय नव्हती. शेठने काउंटरवर तीन प्रोसेसर मांडले, इंटेल, एएमडी आणि सिरिक्स, आणि राइसप्लेट की थाळी विचारावं तसं विचारलं, "कुठला लावू?" मी एएमडीचा के६-२ घेतला. वाचलेल्या पैशांत चौदाऐवजी पंधरा इंची मॉनिटर आला. तो मॉनिटर मला एएमडीने भेट दिला असंच मी आजवर मानत आलोय.

पण नंतर लक्षात आलं की इंटेलचा भाव इंटेल ठरवत नाही, शेजारी ठेवलेला डबा ठरवतो. एएमडीचंही तेच. सिरिक्स तर गेलाच, काउंटरवर आता दोन डबे उरलेत. त्यातला एक गेला तर? मतं येऊ द्या. भांडा, पण माहिती देऊन भांडा.

सोल्डरगन

मामा, भाचीचं ऐका. वापरणार ती आहे, दाजी नाहीत.

कामाचं सांगतो. स्केचअप किंवा रेव्हिटमध्ये मॉडेल बनवताना बहुतेक भार एकाच कोरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच कामकरी भागावर येतो, तिथे दोन्ही कंपन्या आज बरोबरीच्या आहेत. रेंडर हल्ली बरंचसं ग्राफिक्स कार्डावर होतं. त्यामुळे प्रोसेसरवर दोन-तीन हजार वाचले तर ते कार्डात घाला. आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा खोका, स्वस्तातला घेऊ नका, प्लीज.

पाटीपेन्सिल

ग्रँटरोड_स्लो, तुमचा "शेजारचा डबा" आवडला. पण तो डबा आपोआप नाही आला तिथे, एका गिऱ्हाइकाने हट्टाने ठेवायला लावलाय.

दोन्ही कंपन्या एकाच वाड्यातून वेगळ्या निघालेल्या. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर हा तो वाडा. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये बाहेर पडून इंटेल काढली. पुढच्याच वर्षी तिथलेच जेरी सँडर्स आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, ती एएमडी. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी काढला आणि त्यात इंटेलचा ८०८८ घातला, ४.७७ मेगाहर्ट्‌झचा. अट मात्र घातली की हा माल बनवणारी आणखी एक कंपनी हवी, तुमचं काही बिनसलं तर आमची लाइन बंद पडायला नको. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मे महिन्यात दोन टँकरवाल्यांचे नंबर ठेवतात ना, तसंच. मग १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला.

१९८५ मध्ये ३८६ हा पुढचा प्रोसेसर आला तेव्हा इंटेलचे पाय जमिनीला लागत नव्हते. आता हा आम्ही एकटेच बनवणार, म्हणाले. एएमडी लवादात गेली, प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, दोघांत समझोता व्हायला १९९५ उजाडलं. तोवर १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला होता आणि तोही ४० मेगाहर्ट्‌झचा. इंटेलचा ३३ वरच थांबलेला.

त्याच वर्षी कोर्टाने सांगितलं की "३८६" हा आकडा कुणाची मालमत्ता होऊ शकत नाही. म्हणून ५८६ च्या जागी १९९३ मध्ये "पेन्टियम" हे नाव आलं. आणि "इंटेल इनसाइड"ची मोहीमसुद्धा १९९१ चीच. आकडा आपला राहिला नाही तर निदान नाव लोकांच्या डोक्यात बसवू, कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या जाहिरातीचा काही खर्च आपण उचलू, पण डब्यावर आपला शिक्का दिसला पाहिजे. दाजींच्या डोक्यातला स्टिकर तिथून आलाय. पैसे वसूल झाले म्हणायचे!

विक्रोळी_पूर्व

गोष्ट छान, पण जरा गोड वाटतेय. काउंटरवर दोन डबे दिसले म्हणजे स्पर्धा चालू आहे असं नसतं. खरी मारामारी काउंटरच्या मागे चालते.

युरोपियन कमिशनने २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोकला. म्हणणं असं की मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांना सवलत द्यायची, पण सगळा किंवा जवळजवळ सगळा माल आमच्याचकडून उचलायच्या अटीवर. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातले दावे मिटवले. पुढचंही सांगतो, नाहीतर कुणीतरी पकडेल. तो दंड युरोपातल्या कोर्टाने २०२२ मध्ये रद्द केला, वरच्या कोर्टाने २०२४ मध्ये तो निकाल कायम ठेवला. सवलतीमुळे स्पर्धा खरोखर मारली जात होती का, याचं कमिशनने केलेलं विश्लेषण कोर्टाला पटलं नाही. मात्र एएमडीचा माल घातलेली मॉडेलं लांबवायला किंवा रोखायला पैसे दिल्याचा भाग तसाच राहिला. त्यासाठी २०२३ मध्ये सुमारे ३७.६ कोटी युरोंचा दंड नव्याने लावला.

थोडक्यात, भांडण २००२ च्या आसपासचं, कोर्टकचेरी वीस वर्षं. एवढ्यात गिऱ्हाइकाने तीन कॉम्प्युटर बदलले.

पोटमाळा

धागा बघून राहवलं नाही. मी ९६ ते २००४ लॅमिंग्टन रोडला असेंब्लीच्या टेबलावर होतो. दुकानाचं नाव विचारू नका, शेठ अजून आहेत आणि फोन करतात.

दिवसाला आठ-दहा मशिनी जोडायच्या. कोपरात दुखायचं ते स्क्रूने नाही, रॅम दाबून दाबून. आमच्याकडे कॉलेजची पोरं यायची, खिशात चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच आयटम, सेलेरॉन ३००ए. स्वस्तातला प्रोसेसर, इंटेलने गरिबांसाठी काढलेला. पण त्याची १२८ केबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद मेमरी, चिपच्या आतच होती आणि पूर्ण वेगाने पळायची. प्रोसेसरचा वेग म्हणजे बस (बोर्डाचा मूळ वेग) गुणिले गुणक. त्याचा गुणक साडेचारवर पक्का बांधलेला, बस ६६ ची. बस ६६ वरून १०० केली की साडेचार गुणिले शंभर, साडेचारशे! ३०० चे पैसे देऊन ४५० घरी. काही मदरबोर्ड बस स्वतःच ओळखायचे, त्यांना फसवायला प्रोसेसरच्या पट्टीवरचा बी-२१ नंबरचा पिन झाकायचा. पोरं सेलोटेप लावायची. मी नेलपॉलिश वापरायचो, बायकोचं. टेप गरम होऊन सरकते.

यातली गंमत अशी की ३००ए इंटेलने हौसेने नव्हता काढला. त्याच्या आधीच्या सेलेरॉनला ती कॅशच नव्हती, लोकांनी नावं ठेवली, आणि खालच्या भावात एएमडी के६ घेऊन बसलेली. तेव्हा शेजारच्या डब्याचं म्हणणं मला पटतं.

काळी बाजूही सांगतो. तेव्हा रिमार्किंगचा धंदा जोरात होता. प्रोसेसरवरचा आकडा घासून काढायचा, वर जास्त मेगाहर्ट्‌झचा छापायचा. एकदा आमच्याकडे आलेल्या मालावर मी सहज थिनरचा बोळा फिरवला, आकडा बोळ्यावर आला. शेठने तो ट्रे परत पाठवला की दुसऱ्याच्या गळ्यात मारला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पगार आठवड्याने व्हायचा.

मार्च २००० पण आठवतो. ६ तारखेला एएमडीने एक गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन जाहीर केला, ८ ला इंटेलने पेन्टियम थ्री. दोन दिवसांचा फरक, आणि आमच्या गल्लीत त्यावरून वडापावच्या पैजा. हातात माल यायला पुढे कित्येक आठवडे.

अंजिरबर्फी

पोटमाळा दादा, वेगळा धागा काढा. खरंच. बायकोच्या नेलपॉलिशचा रंग कुठला तेही लिहा.

पोटमाळा

मरून. अजून सुनावते.

सदाशिव_पेठी

पेन्टियमचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विनोद धाम पुण्यात जन्मले, हे मुंबईकरांच्या माहितीसाठी.

विक्रोळी_पूर्व

आलंच पुणं. कुठल्याही धाग्यात सातव्या-आठव्या प्रतिसादाला येतंच. जन्मले पुण्यात, इंजिनियर झाले दिल्लीत, चिप बनवली कॅलिफोर्नियात.

सदाशिव_पेठी

तरी जन्म महत्त्वाचा. आणि पुढचं ऐका, विषयाशी संबंधित आहे. धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. ती एएमडीने विकत घेतली आणि तिच्या डिझाइनवरून के६ तयार झाला. म्हणजे धागाकर्त्यांनी ९८ मध्ये घेतलेल्या प्रोसेसरच्या घराण्यावरही आमच्या पुणेकराचा हात होता. पंधरा इंची मॉनिटरबद्दल आभार कुणाचे मानायचे ते ठरवा.

पवई_ते_बंगळूर

मी पवईला एम.टेक. केलं, आता चिप डिझाइनमध्येच आहे. कंपनी सांगत नाही. इथली चर्चा डिझाइनवर चाललीय, पण गेल्या दहा वर्षांतली लढाई भट्टीवर झाली. भट्टी म्हणजे फॅब, जिथे सिलिकॉनच्या चकतीवर चिप छापली जाते.

इंटेलची भट्टी घरची. हाच तिचा वर्षानुवर्षांचा जोर. एएमडीचीही होती, पण पैशांनी कंबर मोडली आणि २००९ मध्ये ती वेगळी काढून टाकावी लागली, तीच ग्लोबलफाउंड्रीज. तेव्हा सगळे म्हणाले, घर विकलं. मग इंटेलची १० नॅनोमीटरची (आकडा जितका लहान तितकी छपाई बारीक) भट्टी काही केल्या पेटेना, वर्षानुवर्षं रखडली, आणि २०१९ मध्ये एएमडीने तैवानच्या टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर माल काढला. भाड्याच्या खोलीत राहणारा पुढे गेला, बंगलेवाला प्लंबर शोधत बसला.

दुसरी युक्ती चिपलेटची. समजा मोठ्या ताटात खोबऱ्याची वडी थापलीय आणि चार ठिकाणी करवंटीचे तुकडे गेलेत, कुठे ते थापताना कळत नाही. ताटाचे आठच मोठे तुकडे पाडले तर चार वाया, अर्धं ताट गेलं. चौसष्ट वड्या पाडल्या तर चारच टाकायच्या. चकतीवर धुळीच्या कणासारखे दोष असतातच. म्हणून एएमडीने एक मोठी चिप करण्याऐवजी आठ-आठ कोरचे छोटे तुकडे केले, चांगले तेवढे निवडले आणि एका पट्टीवर जोडले. मेमरी आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा तुकडा महागड्या ७ नॅनोमीटरवर न करता जुन्या १२ वर केला, कारण त्याला बारीक करून फारसा फायदा नव्हता. २०१७ मध्ये सर्व्हरच्या चिपवरून इंटेलच्या सादरीकरणात "चिकटवलेले तुकडे" म्हणून टोमणा होता. २०२३ मध्ये इंटेलचे स्वतःचे प्रोसेसर तुकड्यातुकड्यांचेच आले. त्यांनी त्याला टाइल म्हटलं.

आता धागाकर्त्यांना चिमटा. इंटेलच्या २०२४ च्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला कोरचा मुख्य तुकडाही टीएसएमसीच बनवते. काउंटरवर डबे दोन दिसतात, पण भट्टी एकच. आणि त्या भट्टीतली सर्वांत बारीक छपाईची यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्‌सची एएसएमएल. तिथे शेजारी कुणीच नाही.

पाटीपेन्सिल

वडीचं उदाहरण उचलणार. आणि तुमच्या चिमट्यावरून सुचलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने इंटेलचा जवळपास दहा टक्के हिस्सा घेतला. १९८१ मध्ये आयबीएमने जो हट्ट धरला होता तोच, फक्त आता गिऱ्हाईक म्हणजे सरकार आणि ज्याला टिकवायचंय तो दुसरा म्हणजे इंटेल. तेव्हा जिच्या शेजारी दुसरा उभा केला तीच आज दुसरी झालीय.

सोल्डरगन

एएमडीला संत करू नका हं. मीही रायझनवालाच, तरी सांगतो.

इंटेलने साध्या डेस्कटॉपला वर्षानुवर्षं चारच कोर दिले. जानेवारी २०१७ चा आय७-७७००के, चार कोर. मार्चमध्ये रायझन आला आठ कोर घेऊन. ऑक्टोबरमध्ये आय७-८७००के, सहा कोर! म्हणजे द्यायला जमत होतं, देत नव्हते.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० आले, एएमडी पुढे गेली, आणि लगेच भाव वर. सर्वांत खालचा ५६००एक्स होता २९९ डॉलरला. त्याखाली काही नाही, घ्यायचा तर घ्या. वर्षभराने इंटेलने बाराव्या पिढीचे प्रोसेसर चांगल्या भावात काढले, आणि एप्रिल २०२२ मध्ये एएमडीला अचानक गरिबांची आठवण झाली. ५६०० आला १९९ ला, ५५०० आला १५९ ला. शेठ बदलतो, गल्ला तोच.

एएमडीचं एक मात्र मान्य करावं लागेल. २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून २०२२ चा प्रोसेसर बसला. इंटेलकडे बहुतेक वेळा दर दोन पिढ्यांनी बोर्ड नवा.

अंजिरबर्फी

तुम्ही सगळे दोन भावांच्या भांडणात अडकलात. माझ्याकडे २०२० चा एम१ मॅकबुक एअर आहे. त्याला पंखाच नाही. आत ना इंटेल ना एएमडी, ॲपलची स्वतःची चिप, आर्म नावाच्या वेगळ्याच घराण्यातली. लोकलमध्ये मांडीवर घेऊन काम करते, मांडी भाजत नाही. (टॅलीसाठी ऑफिसचा विंडोज आहे, ते सोडा.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी मिळून एक्स८६ साठी, म्हणजे दोघांच्या प्रोसेसरांच्या सामाईक घराण्यासाठी, सल्लागार गट काढला, हे कुणीच लिहिलं नाही? एवढी वर्षं कोर्टात एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आणि बाहेरचा दारात आला तशी चूल एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकातून इंटेल गेली, आत ग्राफिक्स आणि एआयच्या चिपांची एन्व्हिडिया आली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच एन्व्हिडियाने इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं.

विक्रोळी_पूर्व

आणि रॅमचं काय? शेजारच्या डब्याचा सिद्धांत तिथे का चालत नाही? सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, तीन-तीन डबे आहेत. २०२५ च्या शेवटी भाव भडकलेच, कारण एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आणि तिघांनाही ते गिऱ्हाईक आपल्यापेक्षा प्यारं. त्याआधी संगनमताचाही इतिहास आहे. रॅमच्या भावात साटंलोटं केल्याबद्दल अमेरिकेत २००५ मध्ये सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, दोघांनीही गुन्हा कबूल केला होता. नुसते डबे मोजून उपयोग नाही, मामा. ते आपसात बोलतात का तेही बघावं लागतं.

ग्रँटरोड_स्लो

हे खटकलं. खरंय. माझ्या सिद्धांताला भोक पडलं, बुजवता येत नाहीये. तीन टँकरवाल्यांनी रविवारी एकत्र चहा घेतला तर सेक्रेटरीच्या वहीतल्या नंबरांना काय अर्थ.

सदाशिव_पेठी

देशी चिपबद्दल कुणी बोलणार का?

पवई_ते_बंगळूर

थोडक्यात, कारण तो दुसऱ्या धाग्याचा विषय. आयआयटी मुंबईत "अजित" नावाचा प्रोसेसर बनला, २०१९ मध्ये जाहीर झाला. मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर तयार झाला. छोट्या उपकरणांसाठी ठीक, भाचीच्या रेंडरसाठी नाही. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून फॅब उभारताहेत, त्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड माल निघायचाय. गाड्या, चार्जर, टीव्ही यांना तोच लागतो, म्हणून हसू नका. पण लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर तिसरा डबा तिथून लगेच येणार नाही.

ग्रँटरोड_स्लो

शनिवारचा वृत्तांत.

साडेअकराला पोचलो. आधी एका दुकानात इंटेलचं कोटेशन घेतलं, समोरच्यात एएमडीचं, आणि दोन्ही कागद हातात उघडे ठेवून तिसऱ्यात शिरलो. तिसऱ्याने दोन्ही कागद वाचले, चहा सांगितला. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून अठराशे कमी झाले. भाची म्हणाली, "मामा, तुमचा डबा चालला." रॅमवर मात्र एक रुपया हलला नाही. उलट कोटेशनवर पेनने लिहून दिलं, "भाव आजचाच."

रायझन घेतला. दोन-तीन हजारांच्या ऐवजी अठराशे वाचले, ते सोल्डरगनच्या सांगण्यावरून कार्डात घातले. एसएमपीएस चांगल्यातला घेतला, कान पिळू नका.

माझ्या आठवणीतल्या प्रोसेसरला खाली सुया असायच्या. एकदा पंखा काढताना मी प्रोसेसरसकट उपटला होता. तेव्हा तिथल्याच एका पोराने शिशाची कांडी काढलेल्या ०.५ च्या पेन्सिलचं नळकांडं एकेका सुईवर चढवून सगळ्या सरळ केल्या होत्या, तासभर, श्वास रोखून. आताच्याला खाली नुसते सोनेरी ठिपके, सुया बोर्डात गेल्या. भाचीने कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाला लावून स्वतः बसवला. खटका ओढताना कर्रर्र आवाज झाला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी असेंब्लीच्या पोराकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये होता, मान वर न करता म्हणाला, "होतो आवाज."

पोटमाळा

होतो. मीपण वर बघायचो नाही.

अंजिरबर्फी

अभिनंदन! आणि दाजी?

ग्रँटरोड_स्लो

दाजींना अजून सांगितलं नाहीये. शेठच्या ड्रॉवरमध्ये जुने स्टिकर पडले होते. एक निळा मागून घेतला, कॅबिनेटवर पुढेच लावलाय.